इंग्रजी शब्द एक, डॅनिश तीन: नेमका कोणता वापरायचा, पायरीपायरीने

डेन्मार्कला आलेला मराठी माणूस डॅनिश शिकतो ती इंग्रजीमार्गे. वही इंग्रजी-डॅनिश, ॲप इंग्रजी-डॅनिश, क्लासमधल्या शंकाही इंग्रजीत. त्यामुळे चूकही सगळ्यांची एकाच जातीची होते: इंग्रजी शब्दासमोर एक डॅनिश शब्द लिहायचा आणि तो जिथेतिथे खपवायचा. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. कोपनहेगनच्या ऑफिसात मी एकदा ऐटीत सांगितलं, उद्या मी ऑर्हूसला जाणार. 'जाणं' म्हणून 'गॉ' हे क्रियापद वापरलं. साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बूट चांगले आहेत ना?" 'गॉ' म्हणजे मुळात पायी जाणं. ऑर्हूस रस्त्याने तीनेकशे किलोमीटर, आणि वाटेत समुद्र.

रोजच्या वापरातले असे पंधरा-वीस इंग्रजी शब्द आहेत. त्यांची गाळणी आपल्याकडे आयती आहे, ती म्हणजे मराठी. पण ती काही ठिकाणी फाटकी आहे, आणि नेमकी कुठे ते माहीत असायला हवं.

आधी लिपीबद्दल. खाली डॅनिश शब्द देवनागरीत स्पेलिंगबरहुकूम लिहिले आहेत, उच्चाराबरहुकूम नाहीत, म्हणजे कोशात शोधता येतील. बोलताना 'येग' (मी) चा 'याय' होतो, 'ह्विस' मधला ह गायब होतो, शेवटचे ड तर विरघळूनच जातात. साधा ओ आणि रेघ मारलेला ओ, दोन्हींना मी 'ओ' लिहिलंय. एकात शब्द सापडला नाही तर दुसऱ्यात बघा.

## तयारी

१. डॅनिश-डॅनिश कोश जवळ ठेवा. 'डेन डान्स्के ओर्डबोग' ऑनलाइन आहे, फुकट आहे. एकेका शब्दाचे अर्थ क्रमांक घालून दिलेत, उदाहरणं आहेत, रूपं आहेत, उच्चार ऐकता येतो. 'रेटस्क्रिव्हनिंग्सओर्डबोगेन' हा दुसरा प्रसिद्ध कोश शुद्धलेखनासाठी आहे. अर्थासाठी तो उघडून बसू नका.

२. फोनवर डॅनिश कीबोर्ड टाका. शेवटची तीन अक्षरं (जोडलेला ॲ, रेघवाला ओ, गोलवाला ऑ) इंग्रजी कीबोर्डवर सहज सापडत नाहीत, मग लोक साधा ए नि ओ टाइप करतात आणि भलताच शब्द निघतो. छापील कोशात ही तीन अक्षरं झेडच्याही नंतर येतात.

३. शब्दांची वही बंद करा, वाक्यांची उघडा. एका ओळीवर मराठी वाक्य, खाली डॅनिश. इंग्रजीला त्या पानावर जागा नाही.

## पायरी १: शब्द उचलू नका, वाक्य उचला

'टाइम' चं डॅनिश काय, या प्रश्नाला उत्तर नाही. आधी चार वाक्यं करा: माझ्याकडे वेळ नाही. किती वाजले? आठवड्यातून तीनदा जातो. प्रवासाला दोन तास लागले. इंग्रजी माणूस पहिल्या तिन्हींत 'टाइम' म्हणेल. डॅनिशमध्ये अनुक्रमे 'टिड', 'क्लोक्केन', 'गांग' (तीनदा म्हणजे 'ट्रे गांगे') आणि चौथ्यात 'टिमे'. होय, डॅनिशमध्ये 'टिमे' म्हणजे तास. स्पेलिंग हुबेहूब इंग्रजी टाइमचं, म्हणून सगळे तिथेच पाय घसरून पडतात.

आपल्या मराठीने हे काम किती परस्पर केलंय बघा. वेळ, वाजले, तीनदा, तास. चार मराठी, चार डॅनिश, जोड्या तयार. डॉक्टरकडे आपण 'वेळ घेतो', डॅनिश माणूसही 'टिड' च घेतो: "येग व्हिल गेर्ने बेस्टिल्ले एन टिड." इंग्रजी अपॉइंटमेंटवरून आलात तर 'आफ्टाले' हा शब्द हाती लागतो. तो मित्राशी किंवा ऑफिसात ठरवलेल्या भेटीचा.

> सावधान: 'हाल्व ट्रे' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा हिशेब. या एका गोष्टीपायी लोक तासभर उशिरा पोचलेत.

## पायरी २: वाक्य मराठीच्या गाळणीतून काढा

इंग्रजीत शब्द सुचला की थांबा आणि तेच वाक्य घरी आईशी फोनवर बोलल्यासारखं मराठीत म्हणा. मराठीत वेगळा शब्द आला की डॅनिशमध्येही बहुधा वेगळाच लागतो.

माहीत असणं, ओळखणं, येणं. इंग्रजी तिन्हींना 'नो' म्हणते. डॅनिशमध्ये माहिती असेल तर 'विडे', माणूस किंवा जागा ओळखीची असेल तर 'केंडे', कला किंवा भाषा येत असेल तर 'कुन्ने'. मला डॅनिश येतं: "येग कान डान्स्क." आपल्यासारखंच, मध्ये 'बोलता' घालायची गरज नाही. एक खड्डा मात्र आहे. बोलताना आपण "तो मला माहितीये" असंही म्हणतो, आणि त्या नादात 'विडे' येतं. कसोटी सोपी आहे: पुढे की, कोण, कुठे, कधी असं काही येत असेल तर 'विडे', थेट माणूस किंवा गाव आलं तर 'केंडे'.

राहणं, जगणं. 'बो' आणि 'लेवे'. पत्ता सांगताना 'लेवे' वापरलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही जिवंत असल्याची बातमी देताय.

फुकट, रिकामं, सुट्टी. 'ग्राटिस', 'लेडिग', 'फ्री'. ट्रेनमध्ये शेजारची जागा रिकामी आहे का हे 'लेडिग' ने विचारायचं, आणि उद्या मला सुट्टी आहे हे "येग हार फ्री इ मोर्गेन".

विचारणं, मागणं. रस्ता विचारायचा तर 'स्पोर्गे', बिल मागायचं तर 'बेडे'. इंग्रजीचं 'आस्क' दोन्हीकडे चालतं, म्हणून हॉटेलात लोक बिलाची चौकशी करत बसतात.

उजवा, बरोबर, हक्क. 'होइरे', 'रिग्टिग', 'रेट'. मात्र "तुझं बरोबर आहे" हे "डु हार रेट", म्हणजे तुझ्याकडे 'रेट' आहे. हाच 'रेट' जेवणातला पदार्थही होतो आणि न्यायालयही.

उजेड, फिकट, हलका. पहिल्या दोघांना 'ल्युस' (मेणबत्तीलाही तोच), वजनाला 'लेट'. पत्र, अक्षर: 'ब्रेव्ह', 'बोगस्टाव्ह'. खिळा, नख: 'सोम', 'नेग्ल'.

जर, की नाही. इंग्रजी 'इफ' ची ही दोन कामं आहेत. वाक्यात 'जर' बसत असेल तर 'ह्विस'. 'की नाही' बसत असेल तर 'ओम'. तो येतोय की नाही मला माहीत नाही: "येग वेड इक्के, ओम हान कोम्मर." इथे 'ह्विस' घालणं ही मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक. (आणि हो, 'विडे' चं वर्तमानरूप स्पेलिंगप्रमाणे 'वेड' च होतं. क्लासात आम्ही सगळे "मला वेड" म्हणत हसायचो.)

त्याची, आपली. तो आपल्या बायकोबरोबर आला, तो त्याच्या बायकोबरोबर आला. दुसऱ्या वाक्यात मराठी कान जरा टवकारतो: कोणाच्या? डॅनिश कान तर सरळ दुसऱ्याचीच बायको धरतो. आपली म्हणजे 'सिन', दुसऱ्या कुणाची म्हणजे 'हान्स'. इंग्रजीत दोन्ही 'हिज', म्हणून इंग्रजीवरून आलेला माणूस स्वतःच्या बायकोला परस्पर शेजाऱ्याची करून टाकतो.

> सावधान: 'सिन' फक्त तो, ती, ते या एकवचनी कर्त्यांसाठी. मराठीत "मी आपल्या घरी गेलो" चालतं, डॅनिशमध्ये तिथे 'माझ्या' च. आणि कर्ता 'ते सगळे' असेल तर 'डेरेस'.

नाती. इथे तर मजाच आहे. इंग्रजीतल्या 'आंट' वरून डॅनिश शोधत बसू नका. आत्या म्हणजे 'फास्टर', मावशी म्हणजे 'मोस्टर', काकू-मामी दोघी 'टान्टे'. आईची आई 'मोरमोर', वडिलांची आई 'फारमोर'. काका 'फारब्रोर', मामा 'मोरब्रोर', पण रोजच्या बोलण्यात दोघांनाही 'ओंकेल' चालतं. चुलत, मामे, आते, मावस हा बारकावा मात्र सोडून द्या: भाऊ असला तर 'फॅट्टर', बहीण असली तर 'कुसिने'.

### तपासणी

वहीतली शेवटची दहा वाक्यं काढा. ज्या वाक्याचं मराठी तुम्ही इंग्रजी शब्द घालून लिहिलंय ("मला फ्री टाइम नाही"), ते पुन्हा करा. गाळणी वापरलीच गेली नाहीये.

## पायरी ३: जिथे मराठी गाळणी फाटते

तीन मराठी शब्द लक्षात ठेवा: वाटणं, जाणं, ठेवणं. इथे मराठी इंग्रजीइतकीच ढिली आहे.

### वाटणं

स्वतःला विचारा: हे उद्या खरं की खोटं ठरू शकतं का? ठरू शकत असेल तर 'ट्रो'. मला वाटतं तो येईल, मला वाटतं दुकान बंद असेल. ही आवड किंवा मत असेल, ज्याला खरं-खोटं नसतं, तर 'स्युनेस'. डोक्यात विचार चालू असेल तर 'टॅंके'.

हे जेवणाच्या टेबलावर कळतं. कुणाकडे गेलात, पहिला घास खाल्लात आणि "येग ट्रोर, माडेन स्मागर गोट" म्हणालात, तर त्याचा अर्थ होतो: जेवण चांगलं असावं असा माझा अंदाज आहे. म्हणजे अजून चाखलं नाहीत, किंवा चाखूनही खात्री पटली नाही. 'ट्रोर' काढा, 'स्युनेस' घाला, यजमानीण खूश.

ऑफिसात मात्र "येग टॅंकर, व्ही स्टार्टर क्लोक्केन नी" असं सर्रास ऐकू येईल. 'नऊला सुरू करूया असं मनात आहे' अशी ती मवाळ सूचना असते. ऐकून घाबरू नका, पण नवख्याने लगेच उचलूही नये.

### जाणं

पायी असेल तर 'गॉ', सायकलने 'स्युक्ले', गाडीने 'कोरे', लांबच्या प्रवासाला 'रेय्से'. वाहन सांगायचंच नसेल तर 'टागे': "येग टागर टिल ऑर्हूस." त्याहून सोपं, क्रियापदच गाळा: "येग स्काल टिल ऑर्हूस." मला ऑर्हूसला जायचंय, एवढंच. साहेबांसमोर मला हे वाक्य माहीत असतं तर!

अपवाद दोन. ट्रेन 'गॉ' करते, म्हणजे सुटते. आणि 'गॉ टिल' पुढे विषय आला तर शिकवणी किंवा छंद: 'गॉ टिल डान्स्क' म्हणजे डॅनिशच्या क्लासला जाणं. तिथे बसने गेलात तरी 'गॉ' च.

### ठेवणं

इथे घाई नको. मराठीत आपण चष्मा, ग्लास, पुस्तक, सायकल सगळं 'ठेवतो', आणि नंतर ते तिथे 'असतं'. डॅनिश माणूस वस्तू कशी आहे ते बघतो:

- आडवी पडली तर ठेवताना 'लॅग्गे', असताना 'लिग्गे'. पुस्तक, चादर, कागद.
- उभी राहिली तर 'स्टिल्ले' आणि 'स्टॉ'. ग्लास, बाटली, सायकल, बूट.
- रुतून, चिकटून, बसवून राहिली तर 'सॅट्टे' आणि 'सिड्डे'. कुलपातली किल्ली, शर्टाचं बटण.
- लटकली तर दोन्हीला 'हॅंगे'. भिंतीवरचं चित्र, खुंटीवरचा कोट.

आता ताटली घ्या. ती सपाट, आडवी, पसरट. मी बिनधास्त 'लिग्गर' म्हणायचो. एकदा शेजारच्या आजींबरोबर टेबल मांडत होतो, त्यांनी दुरुस्त केलं: ताटली 'स्टॉर'. मी म्हटलं, अहो, ती तर झोपलीय. त्यांनी ताटली उचलली, उलटी करून खालची कड दाखवली, पुन्हा सुलटी ठेवली. बूड आहे, बुडावर आहे, म्हणून उभी आहे. मग एक ग्लास आडवा केला: हा आता 'लिग्गर'. तेव्हापासून उंची बघायची सोडली, बूड बघायला लागलो. फ्रिजमधलं दूध 'स्टॉर', चीज 'लिग्गर'. गावंही 'लिग्गर': ऑर्हूस युलंड या द्वीपकल्पात पसरलेलं आहे. रस्त्याकडेची पार्क केलेली गाडी मात्र 'होल्डर'.

आणि कागदावर लिहिलेलं असतं तेही 'स्टॉर'. पत्रात काय लिहिलंय, याला "ह्वाड स्टॉर डेर इ ब्रेव्हेट?" सरकारी पत्रं समजून घेताना हे वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे.

'पुट्टे' असंही एक क्रियापद आहे, इंग्रजीसारखंच दिसतं, म्हणून नवशिक्यांचं लाडकं. ते आत घालायला: कॉफीत साखर, खिशात हात. मुलांना पांघरूण घालून झोपवणंही 'पुट्टे'. टेबलावर ग्लास ठेवायला ते वापरू नका.

> सावधान: भूतकाळात या जोड्या एकमेकींत मिसळतात. 'लॅग्गे' चं 'लाग्डे', 'लिग्गे' चं 'लॉ'. 'सॅट्टे' चं 'साट्टे', 'सिड्डे' चं 'साड'. 'स्टिल्ले' चं 'स्टिल्लेडे', 'स्टॉ' चं 'स्टोड'. तक्ता पाठ करण्यापेक्षा एकेकाचं वाक्य लिहा.

## पायरी ४: 'व्हेन' आलं की काळ मोजा

प्रश्न असेल, म्हणजे मराठीत कधी किंवा केव्हा, तर 'ह्वोर्नॉर'. प्रश्न नसेल, म्हणजे जेव्हा, तर पुढचं ठरवा. भूतकाळात एकदाच घडलेलं: 'डा'. वारंवार घडणारं, किंवा पुढे घडायचं: 'नॉर'. डॅनिश मुलं हे "डेन गांग डा, ह्वेर गांग नॉर" असं पाठ करतात: त्या वेळी डा, दर वेळी नॉर.

चूक होते ती भूतकाळातल्या सवयीत. "आजीकडे गेलो की ती पॅनकेक करायची": भूतकाळ आहे म्हणून लोक 'डा' लावतात. पण दर वेळी आहे ना? मग 'नॉर'. 'मी लहान होतो तेव्हा' ला मात्र 'डा', कारण बालपण एकदाच येतं.

## पायरी ५: उलटी तपासणी

सापडलेला डॅनिश शब्द डॅनिश-डॅनिश कोशात उघडा. ही पायरी सगळे टाळतात. तीन गोष्टी बघा.

१. चेहरा इंग्रजी, पोटात भलतंच. 'गिफ्ट' म्हणजे विवाहित, आणि विषसुद्धा. भेटवस्तू 'गावे'. 'चेफ' म्हणजे साहेब; स्वयंपाकी 'कोक'. ऑफिसात सगळ्यांत घातक 'एव्हेंटुएल्ट': अर्थ 'जमलंच तर'. "शेवटी हे काम पूर्ण करीनच" असं सांगायला मेलमध्ये तो शब्द टाकलात, तर समोरचा वाचतो, "करीन कदाचित."

२. एन की एट. 'एट सोम' म्हणजे खिळा, 'एन सोम' म्हणजे कपड्याची शिवण. 'एन नोग्ले' किल्ली, 'एट नोग्ले' लोकरीचा गुंडा. लिंग चुकलं की इथे अर्थच बदलतो.

३. मागे-पुढे काय चिकटतं. 'लिडे' एकटं म्हणजे सोसणं, 'लिडे आफ' म्हणजे आजाराने त्रस्त असणं. पण 'कान गोट लिडे' म्हणजे आवडतं. मधले दोन शब्द गाळून "मला कॉफी आवडते" म्हणायला गेलात की तुम्ही कॉफी सोसायला लागता.

उलटही होतं. शिकणं आणि शिकवणं या दोन्हींना डॅनिश 'लॅरे' म्हणते. उसनं घेणं 'लॉने', आणि देतानाही बहुतेकदा 'लॉने' च. कोणाकडून कोणाला हे वाक्याच्या रचनेवरून कळतं, तेव्हा अशा वाक्यात नाव किंवा सर्वनाम गाळू नका.

## पायरी ६: शब्दच नसेल तर

इंग्रजी 'प्लीज' ला डॅनिशमध्ये रोजचा एक शब्द नाही. मराठीतही 'कृपया' बसस्टॉपवरच्या पाटीवर असतो, तोंडात नसतो. आपण 'जरा देता का' म्हणतो, तिथे 'गेर्ने' आणि 'टाक' ने काम होतं: "येग व्हिल गेर्ने हावे एन कोप काफ्फे, टाक."

'येस' ला उलट दोन शब्द. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर 'या' नाही, 'यो'. "जेवला नाहीस का?" याला आपण "हो" म्हणून जेवलो नाही असंही सुचवतो. डॅनिशमध्ये जेवला असाल तर 'यो', नसाल तर 'नाय' (स्पेलिंगप्रमाणे 'नेय'). 'या' म्हणालात तर समोरचा ताट वाढायचं की नाही या विचारात उभा राहतो.

## सरावाला पाच

डॅनिश झाकून मराठीवरून करा.

१. मला पोहता येतं. *येग कान स्वोम्मे.*
२. अडीचची डॉक्टरांची वेळ आहे. *येग हार एन टिड होस लॅगेन क्लोक्केन हाल्व ट्रे.*
३. तो आपल्या मावशीला ओळखतो. *हान केंडर सिन मोस्टर.*
४. कप टेबलावर आहे. *कोप्पेन स्टॉर पॉ बोर्डेट.*
५. मला वाटतं ट्रेन दहाला सुटते. *येग ट्रोर, टोगेट गॉर क्लोक्केन टी.*

पाचव्यात 'स्युनेस' लिहिलं असेल तर पायरी तीन पुन्हा वाचा. ट्रेन कधी सुटते हे तुमच्या मतावर नाही.